‘माहेरची साडी’ला हसणाऱ्यांसाठी

‘माहेरची साडी’चं नाव निघालं की कोणीतरी ‘रडायला रुमाल घेऊन बसा’ असा विनोद करतंच. मला तो आता ऐकवत नाही, म्हणून लिहितेय.

चित्रपट १९९१चा. त्याआधीची काही वर्षं मराठी पडद्यावर विनोदाचं राज्य होतं. ‘धूमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’ आम्हीही पोट धरधरून पाहिले. पण त्यात आमच्या आया-मावश्यांच्या वाट्याचं काय होतं? विजय कोंडके यांनी एका राजस्थानी चित्रपटाची गोष्ट मराठीत आणली, अलका कुबल यांना सासरचा छळ सोसणारी लक्ष्मी केलं, उषा नाडकर्णींना सासू, आणि एरवी थिएटरकडे न फिरकणाऱ्या बायका चाळीचे मजलेच्या मजले मिळून निघाल्या. (नंतर हिंदीत जुही चावलाला घेऊन ‘साजन का घर’ झाला. मला तो अजिबात भिडला नाही.)

त्या बायका कोण होत्या, हे लालबाग-परळमध्ये वाढलेल्यांना सांगायला नको. १९८२च्या गिरणी संपानंतर कित्येक घरांत गिरणीचा पगार पुन्हा आलाच नाही. नवरा घरी बसलेला, बाई खानावळ चालवून नाहीतर पोळ्या लाटून संसार ओढणारी, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर, पोरं. अशा खोलीत रडायला कोपरा नसतो. मोरीत नळ सोडून रडावं म्हटलं तर पाणी ठरल्या वेळीच यायचं. ‘भारतमाता’ थिएटरच्या अंधारात मी आईला पहिल्यांदा मोकळेपणी रडताना पाहिलं. मध्यंतरात त्याच सगळ्याजणी वडे खात, एकमेकींना टाळ्या देत हसत होत्या. इतक्या हलक्या झालेल्या मी त्यांना चाळीत कधी पाहिल्या नाहीत.

बाईने सोसत राहावं हे मला आजही पटत नाही. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८अ कलम १९८३मध्येच आलं होतं. लक्ष्मीने पोलीस ठाणं गाठलं असतं तर मला आनंद झाला असता. पण आमच्या मजल्यावरची कुठली बाई तेव्हा ती पायरी चढत होती?

याला सासू-सुनेचा चित्रपट म्हणणारे तर बापाला विसरतातच. जन्मताच आई गेली म्हणून पोटच्या मुलीला अपशकुनी ठरवणारा बाप विक्रम गोखले यांनी केलाय. माझ्या लेखी खरी गोष्ट तिथे आहे. पोरीच्या पाठीशी बाप नाही हे सासरला कळलं की तिचं काय होतं, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. या चित्रपटाने ते भर थिएटरात, बापांच्या समोर सांगितलं.

जुने विनोदी चित्रपट टीव्हीवर सतत लावतात. हा एकदा मोठ्या पडद्यावर लावा, लालबाग-परळमध्ये, परवडेल अशा तिकिटात. आणि खेळ दुपारचाच ठेवा. संध्याकाळी त्या बायकांना अजूनही स्वयंपाक असतो.