अमॉक्सिसिलिन ‘साधी गोळी’ आहे, असं म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमॉक्सिसिलिनबद्दलचा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मला तो तीनदा आला. तिसऱ्यांदा मावशीकडून, ‘तू फार्मसिस्ट ना? बरोबर आहे का रे हे?’ या प्रश्नासकट. मजकूर थोडक्यात असा: हे जुनं, साधं अँटिबायोटिक आहे, घरात एक पट्टी असूच द्यावी. घसा दुखला किंवा कफ पिवळा-हिरवा झाला की सुरू करावं. बरं वाटलं की थांबवावं, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी कामी येतात. मुलांना अर्धी गोळी द्यावी. आणि एकदा सोसलं की त्याची ॲलर्जी कधीच होत नाही.

मावशीला फोनवर दिलेलं उत्तर बरंच लांबलं, म्हणून लिहूनच काढतो.

‘जुनं आणि साधं आहे.’ जुनं आहे खरं. पेनिसिलिनच्या घराण्यातलं हे औषध १९७२ पासून वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते ‘ॲक्सेस’ गटात, म्हणजे आधी वापरायच्या अँटिबायोटिकांमध्ये मोडतं. योग्य आजारात दिलं तर त्रासही कमी देतं. पण ते करतं काय? जिवाणू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधत असतो. अमॉक्सिसिलिन त्या बांधकामावरच्या गवंड्यांचे हात बांधतं, भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. विषाणूला अशी भिंतच नसते. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. जिथे बांधकामच नाही, तिथे गवंडी अडवून काय साधणार?

‘कफ हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं.’ सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. तो हिरवा रंग जंतूंचा नसून आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात लोह असलेलं एक एन्झाइम असतं, त्याचा रंगच हिरवट. पेशी जितक्या जास्त जमतील तितका कफ गडद, मग भांडण जिवाणूशी असो की विषाणूशी. साध्या सर्दीतही पहिल्या दिवशी नाक पाण्यासारखं वाहतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, पिवळं होतं. माणूस नेमका त्याच दिवशी घाबरून गोळी सुरू करतो. पुढच्या तीन-चार दिवसांत सर्दी तशीही उतरणारच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि श्रेय गोळीला जातं.

घशाचंही तेच. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे दुखणारे घसे असतात, पण मोठ्यांमध्ये दहात साधारण एक, मुलांमध्ये चारात एक. ताप आहे, खोकला नाही, गळ्याच्या गाठी सुजल्यात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत, असं दिसलं तर डॉक्टर घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने तपासणीसाठी नमुना, घेतात. नुसतं बघून ठरवणं त्यांनाही अवघड जातं, कारण एपस्टाइन-बार नावाचा विषाणू हुबेहूब असाच घसा करतो. त्या आजारात अमॉक्सिसिलिन घेतलं तर अनेकांच्या अंगभर लाल पुरळ उठतं. ती बहुतेकदा खरी ॲलर्जी नसते, पण फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ हा शिक्का मात्र जन्मभर राहतो.

‘बरं वाटलं की थांबवा.’ इथे मेसेजला खोडणारेही अर्धंच सांगतात. ‘पट्टी संपलीच पाहिजे, नाहीतर जंतू निगरगट्ट होतात’ हे सरसकट खरं नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं तर आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर उगाच मारा होतो आणि त्यातले औषधाला दाद न देणारे तेवढे मागे उरतात. साध्या न्यूमोनियात ५ दिवस अनेकदा पुरतात. स्ट्रेप्टोकोकसच्या घशात मात्र दुखणं दोन-तीन दिवसांत थांबतं आणि कोर्स सहसा १० दिवसांचा असतो, कारण तिथे राखायचं असतं ते हृदय. या घशानंतर मागाहून उद्भवणारा ऱ्हुमॅटिक फीवर हा आजार झाला तर हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. थोडक्यात, किती दिवस हे आजार ठरवतो, बरं वाटणं नव्हे. ‘लवकर बंद करता येईल का?’ असं डॉक्टरांना विचारायला अजिबात हरकत नाही.

‘उरलेल्या कामी येतात.’ मावशीकडे दाताच्या वेळच्या उरल्या होत्या. मी म्हटलं, पट्टीवरचं वाच. पट्टी कापलेली, नाव अर्धं, तारखेचा भाग गेलेला, दिसत होता फक्त ‘३७५’. म्हणजे बहुधा २५० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड (जिवाणूंनी अमॉक्सिसिलिन निकामी करू नये म्हणून जोडलेलं). ‘मग दोन घेतल्या की मोठी गोळी झाली ना?’ नाही झाली. ६२५ च्या गोळीत अमॉक्सिसिलिन ५०० असतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ च राहतं. ३७५ च्या दोन घेतल्या की ते २५० होतं आणि जुलाब होण्याची शक्यता वाढते.

‘मुलांना अर्धी गोळी.’ मुलांचा डोस वजनावर आणि आजारावर ठरतो. मुलांसाठी मिळणाऱ्या, घरी पाणी घालून तयार करायच्या कोरड्या पावडरच्या बाटलीतही एक मेख आहे. एकदम खुणेपर्यंत पाणी ओतून हलवलं की फेस बसतो आणि पातळी खुणेच्या खाली जाते. तसंच दिलं तर प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा तीव्र होतो. आधी थोडं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. दर वेळी पुन्हा हलवा, सोबतच्या मापानेच द्या आणि लेबलवरचे दिवस संपले की उरलेलं टाकून द्या.

‘एकदा सोसलं की ॲलर्जी नाही.’ उलट, शरीराला औषधाची ओळख आधीच्या डोसमध्येच होते, म्हणून रिॲक्शन दुसऱ्या-तिसऱ्या कोर्सलाही येऊ शकते. गोळीनंतर तासाभरात अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं असं काही झालं तर वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा. दुसरी बाजूही सांगतो: ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असं ज्यांच्या फाइलवर लिहिलंय, त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना तपासणीत ती नसल्याचं दिसतं. लहानपणी कधीतरी पुरळ आलं एवढीच आठवण असेल, तर एकदा तपासून घ्या, पण स्वतः गोळी घेऊन नव्हे.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं), मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांत दिलं जाणारं) किंवा ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारं) चालू असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ते आधी सांगा. आणि जुलाब पाण्यासारखे, वारंवार होऊ लागले, तर कोर्स संपून काही आठवडे झालेले असले तरी डॉक्टरांना त्या अँटिबायोटिकचं नाव सांगा. जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका.