काणकोण दाबलं की बार्देश उघडतं!

गोव्याचा नकाशा, बारा तालुके, प्रत्येकाला वेगळा रंग. ज्या तालुक्यावर बोट ठेवाल तिथल्या देवळांची, जत्रांची, नाटकांची यादी उघडली पाहिजे. मागणी एवढीच होती. लॅपटॉपवर ते चालतंही. पण मोबाइलवर काणकोण दाबलं की बार्देश उघडतं. सत्तरी दाबली की पेडणे. फोंडा दाबलं तरी पेडणेच! ज्या तालुक्यात मंगेशी आहे, म्हार्दोळची म्हाळसा आहे, कवळ्याची शांतादुर्गा आहे, त्या फोंड्याचं पानच मोबाइलवर उघडत नाही. काणकोणातल्या श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाची माहिती शोधणाऱ्याला बार्देशातल्या म्हापशाचा बोडगेश्वर दाखवायचा आणि ‘काम पूर्ण’ म्हणून पैसे घेऊन मोकळं व्हायचं. डोक्यात तिडीक जाते.

हे संकेतस्थळ एका सांस्कृतिक संस्थेचं. आधी कुणीतरी बनवलं, आता दुरुस्तीला माझ्याकडे आलं. आत बघितलं तर तोच तो इमेज मॅप, म्हणजे एकाच चित्राच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे दुवे जोडायची जुनी पद्धत. मॅप टॅग (टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली खूण), त्याच्या पोटात एरिया टॅगांची रांग, आणि प्रत्येकात कोऑर्ड्सचे, म्हणजे तो भाग चित्रात नेमका कुठे आहे ते सांगणारे, आकडे.

हे असं का होतं, ते एकदा नीट ऐका. कोऑर्ड्समधले आकडे पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत, असतात आणि चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात. नकाशा 1200 पिक्सेल रुंद असताना ते टिपलेले. मोबाइलच्या पडद्यावर तेच चित्र आक्रसून 360 पिक्सेलचं होतं. चित्र आक्रसतं, आकडे मात्र जागचे हलत नाहीत. मग आक्रसलेला अख्खा गोवा मूळ नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. त्या कोपऱ्यात काय आहे? समुद्र, पेडणे आणि बार्देश. म्हणून कुठेही दाबा, एक तर काहीच होत नाही, नाहीतर हेच दोन तालुके उघडतात. सांगे, केपे, धारबांदोडा यांचे आकडे चित्राच्या बाहेर पडलेले. तिथे बोट पोहोचणं शक्यच नाही.

एवढं साधं गणित. मोबाइल हातात घेऊन एकदा, फक्त एकदा, काणकोण दाबून बघितलं असतं तरी कळलं असतं. नाही बघितलं. लॅपटॉपवर चाललं, बिल पाठवलं.

आणि भोगतं कोण? संस्थेच्या एक जुन्या सभासद बाई मला फोनवर म्हणाल्या, “बाय, माझंच बोट जाड गे, मला ते नीट दाबता येत नाही.” मला बोलवेना. सत्तरीतल्या आपल्या गावची जत्रा शोधायला बसलेली ती बाई चारदा पेडण्याला पोचली आणि शेवटी दोष कुणाला दिला, तर स्वतःच्या बोटाला! मी म्हटलं, “काकी, तुमच्या बोटाला काही झालेलं नाही, तो नकाशा बिघडलेला आहे.” त्यांना ते पटलं नाही. ‘आम्हाला काय कळतं त्यातलं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपल्या आळसापायी लोकांना असं अडाणी ठरवायचा अधिकार कुणी दिला या लोकांना?

मॅप टॅग आला तेव्हा तो चूक नव्हता, हेही मी मान्य करते. चित्राचे भाग ब्राउझरमध्येच क्लिक करता यावेत हा प्रस्ताव 1996 चा, आणि 1997 च्या जानेवारीत एचटीएमएल 3.2 मध्ये (एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा) तो अधिकृत झाला. तेव्हा चित्र ठरलेल्या मापाचं असायचं, खिशात मावणाऱ्या पडद्याचा विचारही कुणी करत नव्हतं. पुढे एचटीएमएल 4 मध्ये हे आकडे टक्क्यांत द्यायची सोय कागदावर होती. टक्के म्हणजे चित्र लहान झालं की जागाही लहान झाली, नेमकं हवं तेच! आजच्या मानकात ती सोयही नाही, फक्त आकडे, तेही पिक्सेलचेच. जग मोबाइलवर आल्यावर जे आधी दुरुस्त करायला हवं होतं तेच काढून टाकलं. याला काय म्हणायचं?

त्याहून राग येतो तो शिकवणाऱ्यांचा. आजही मुलांना हेच शिकवतात: चित्र चढवा, टूलमध्ये बिंदू टिपा, कोड उचला, चिकटवा, झालं. मोबाइलवर याचं काय होतं, यावर अवाक्षर नाही. फार तर शेवटी जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानात चालणाऱ्या प्रोग्रामचा, एक तुकडा डकवतात, जो पडदा बदलला की सगळे आकडे परत गुणत बसतो. चित्र पूर्ण उतरायच्या आधी तो तुकडा धावला की गुणाकारच चुकतो, आणि परत काणकोणातून बार्देश.

तिसवाडीची तर दैनाच. चोडण, दिवाडी, जुवें ही बेटं तिसवाडीतली, पण एका एरियाला एकच बहुभुज काढता येतो. म्हणजे एका तालुक्याचे चार तुकडे, चार एरिया, चार दुवे. इथे ते कष्ट कुणी घेतलेच नाहीत. बेटं सरळ सोडून दिली. दिवाडीवर दाबलं तर काही होतच नाही, लॅपटॉपवरसुद्धा नाही. दिवाडीची माणसं तिसवाडीत मोडत नाहीत का?

आणि उपाय काही चंद्रावर नाही. एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांनी काढलेलं, कुठल्याही मापात बसणारं चित्र, 2001 पासून आहे. त्याच्या व्ह्यूबॉक्स नावाच्या रकान्यात मूळ चित्राचं माप लिहा, आत चित्र ठेवा, वर तालुक्यांचे पॉलिगॉन (बहुभुज) काढा आणि प्रत्येकाला दुव्यात गुंडाळा. टिपलेले जुने आकडे तसेच्या तसे चालतात, एकही परत मोजावा लागत नाही! चित्राबरोबर आकारही आक्रसतात. पाथ, म्हणजे अनेक सुटे तुकडे एकत्र धरणारा आकार, वापरला तर मुख्य जमीन आणि बेटं मिळून तिसवाडी एकच राहते. बोटाखालचा तालुका उजळवायचा तर तेही सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने, होतं, जे एरिया टॅगला जमत नाही. मग कशासाठी अडलंय सगळं त्या मॅप टॅगपाशी?

नकाशाखाली बारा तालुक्यांची नावं साध्या दुव्यांनी लिहायचंही कुणाला सुचलं नाही. एरियाच्या आल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायच्या मजकुरात, एक शब्द नाही, त्यामुळे ज्याला दिसत नाही आणि जो पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याला तालुक्याचं नावच ऐकू येत नाही. मोबाइलवर जुवें बेट बोटाच्या टोकाएवढंही उरत नाही. अपंगांनाही संकेतस्थळं वापरता यावीत म्हणून केलेल्या सुलभतेच्या नियमांत, डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये, दाबायची जागा किमान 24 गुणिले 24 पिक्सेल हवी असं लिहिलंय. अशा ठिकाणी नावांची यादी हाच आधार, आणि ती लिहायला किती वेळ लागतो? बारा ओळी!

त्या बारा ओळी मी पहिल्याच दिवशी घातल्या. नकाशा आता एसव्हीजीत बांधतेय. आणि संस्थांना माझं सांगणं आहे, असा नकाशा कुणी करून दिला तर पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर स्वतःचा मोबाइल काढा आणि काणकोण दाबा. बार्देश उघडलं तर एक रुपया देऊ नका.