गट्टू, कडूनिंब आणि माझी लेक

परवा घरच्या ग्रुपवर पुतण्याच्या शाळेचा फोटो आला. कडूनिंब तोडलेला, पटांगणभर सिमेंटचे गट्टू, कडेला कुंडीतले पाम. खाली वहिनीचा मजकूर: "आता चिखलाचं टेन्शन नाही. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांत एसी!" त्याला बारा अंगठे. माझं डोकं फिरलं.

मी लिहिलं, आमची लेक इथे जर्मनीत फ्रायबर्गला तीन वर्षं जंगलातल्या बालवाडीत गेली. इमारत नाही, एक बाउवागेन (चाकांवरची खोली), बाकी झाडं. जानेवारीतही बाहेर, माट्शहोझे (चिखलात घालायची वॉटरप्रूफ पँट) चढवली की झालं. संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना, तेवढं पाहायचं. "काही मेली नाही ती," हेही लिहिलं. ते नको होतं लिहायला.

वहिनीचं लगेच आलं: "भाऊजी, तुमच्याकडे ४५ डिग्री होते काय?"

नाही होत. इथे तिशी ओलांडली की शाळा लवकर सोडतात, हे मात्र मी ग्रुपवर सांगितलं नाही. पण उन्हासाठी गट्टू कायले, बाप्पा? ते दिवसभर तापतात अन् रात्री उशिरापर्यंत झळा सोडतात. कडूनिंब ऐन मेमध्ये हिरवा असतो. वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेला झाडं, रुंद व्हरांडा, उन्हाळ्यात सकाळची शाळा. यात जर्मन काय आहे? आणि नागपूरचं वर्ष म्हणजे नुसता मे नव्हे. हाताने काम करत शिकायची नई तालीम १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली, आपल्या घरापासून पाऊणशे किलोमीटरवर. आमची शाळा जूनच्या शेवटी उघडायची तेव्हा कडूनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असायचा. पहिलीच्या बेरजा मी त्यांच्यावरच केल्या.

एवढं सगळं टाइप करून पाठवलं. मराठीत, दुरुस्त्या करकरून.

वहिनीने वाद घातला नाही. गेल्या मे महिन्यातला एक फोटो टाकला, आम्ही नागपूरला होतो तेव्हाचा. माझी लेक खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. मागे कूलर, आणि दाराच्या कडीवर माझा हात. लू लागेल म्हणून दुपारी नाही, डास चावतील म्हणून संध्याकाळी नाही. तीन आठवडे मी तिला अंगणात जाऊ दिलं नव्हतं. काचेपलीकडे पुतण्या, अनवाणी, नळाखालच्या चिखलात.

खाली पटापट अंगठे पडले. तेरावा माझा.