‘मालवाहू जहाज बुडणाऱ्याला बघून पुढे जातं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘मर्चंट नेव्हीत पोराला घालण्याआधी हे वाचा’ असा मथळा. आतला मजकूर थोडक्यात असा: मालवाहू जहाजांना समुद्रात कुणाला वाचवायची सक्ती नसते, सगळं मर्जीवर असतं. घाटात अपघात झाला तर ट्रकवालासुद्धा थांबतो, पण जहाज माणसं बुडताना बघून सरळ निघून जातं. कॅप्टन थांबलाच तर कंपनीचं लाखोंचं नुकसान होतं आणि त्याची नोकरी जाते. वाचवलीच तर परदेशी माणसं वाचवतात, गरीब मच्छीमाराला कोण विचारतो? आणि शेवटी, जहाजं मदतीसाठी आपला ठावठिकाणा कळवतात ती म्हणे अमेरिकेची हेरगिरी.

मी जहाजावर डेक ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे. आता टिळकवाडीत राहतो आणि आसपासच्या गावांतले पालक मुलाला घेऊन विचारायला येतात. हल्ली ते हा मेसेज मोबाइलवर काढूनच बसतात. आपल्याकडून समुद्र चोर्ला घाट उतरून दोन-तीन तासांवर आहे, पण जहाजावरचं आयुष्य आपल्या लोकांनी फारसं पाहिलेलं नाही. त्यामुळे असलं काही वाचलं की खरंच वाटतं. ज्या माणसांनी वादळात शिडी टाकून परक्यांना वर ओढलं, त्यांच्यावर हा सरळ आळ आहे. म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

सक्ती नसते, असं पहिलं वाक्य आहे. सक्ती असते, आणि ती शंभर वर्षांहून जुन्या धड्यातून आली आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडत होतं तेव्हा कॅलिफोर्नियन नावाचं जहाज जवळपास होतं. त्याचा एकुलता एक वायरलेस ऑपरेटर संच बंद करून झोपला होता. बऱ्याच लांबून कार्पेथिया धावत आलं आणि त्याने सातशेच्या आसपास माणसं उचलली. बाकीची गेली. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचीच आजची आवृत्ती म्हणजे ‘सोलास’. त्याच्या पाचव्या प्रकरणातला ३३वा नियम प्रत्येक कॅप्टनला पाठ असतो: माणसं संकटात आहेत अशी खबर कुठूनही मिळाली आणि मदत करण्याच्या स्थितीत असलो, तर पूर्ण वेगाने तिकडे जायचं. माणूस कुठल्या देशाचा, कागद आहेत की नाहीत, हे बघायचं नाही. जाणं शक्य नसेल किंवा गरज नसेल, तर का गेलो नाही ते लॉगबुकात लिहायचं. हेच कर्तव्य १९८२च्या समुद्र कायद्याच्या कराराच्या ९८व्या कलमात आहे आणि भारताच्या व्यापारी नौवहन कायद्यातही आहे.

मग मर्जीवर काय असतं? संकट येण्याआधीच आपण कुठे आहोत ते कळवत राहणं. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने १८ जुलै १९५८ रोजी ‘अ‍ॅमव्हर’ ही व्यवस्था सुरू केली. आधी ती अटलांटिकपुरती होती, नंतर जगभर झाली. जहाज बंदरातून निघताना आपला मार्ग कळवतं, वाटेत ठरावीक अंतराने जागा कळवतं, मार्ग बदलला तर तेही, आणि पोचलं की पोचल्याची खबर देतं. कुठे कुणी संकटात असल्याचं बचाव केंद्राला कळलं की आसपास कोणती जहाजं आहेत, कोणाकडे डॉक्टर आहे, कोण किती वेळात पोचेल, याची यादी लगेच हाती येते. या नोंदणीत सामील होणं ऐच्छिक आहे. भारतीय तटरक्षक दलाची ‘इंडसार’ ही व्यवस्थासुद्धा जहाजांनी आपणहून जागा कळवण्यावर चालते. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी अर्धवट वाचलं आणि ‘मदतच ऐच्छिक’ असं करून टाकलं. खरं उलट आहे. मदत बंधनकारक आहेच, आणि तिच्यासाठी आपल्याला बोलावता यावं म्हणून हजारो जहाजं स्वतःहून रोज आपला पत्ता देऊन ठेवतात.

आता ट्रकवाल्याचं वाक्य. मेसेजमधलं हे सगळ्यात पटकन पटणारं आणि सगळ्यात चुकीचं आहे. माल भरलेलं मोठं जहाज ब्रेक दाबून थांबत नाही. इंजिन उलटं फिरवलं तरी ते काही किलोमीटर पुढे सरकतच राहतं. किनाऱ्यावरून किंवा छोट्या होडीतून पाहणाऱ्याला वाटतं, हे निघूनच चाललंय. प्रत्यक्षात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, धावपळ सुरू असते. माणूस पाण्यात दिसला की लाइफबॉय टाकायचा, एकाने त्याच्याकडे बोट रोखून नजर न हलवता उभं राहायचं, सुकाणू एका अंगाला पूर्ण फिरवून मग दुसऱ्या अंगाला फिरवायचं, म्हणजे जहाज वळसा घेऊन आपल्याच मार्गावर परत येतं. परत आल्यावर खरी अडचण सुरू होते. डेक पाण्यापासून कित्येक मीटर उंच. खाली होडी लाटांवर वरखाली आपटते आहे, आणि जहाजाच्या पोलादी भिंतीला लागली तर होडीचा चुरा होईल. म्हणून कॅप्टन जहाज वाऱ्याला आडवं धरतो, त्याच्या आडोशाला थोडं शांत पाणी तयार होतं, आणि मग पायलट लॅडर (जहाजाच्या बाजूने सोडायची दोरीची शिडी) किंवा जाळी सोडून एकेकाला वर घेतात. १ जुलै २०१४ पासून तर पाण्यातून माणूस वर कसा घ्यायचा याची त्या-त्या जहाजापुरती लिखित योजना ठेवणंही सोलासने सक्तीचं केलं आहे.

हे कागदावरच राहत नाही, याचं आपल्याकडचं उदाहरण २२ जून २०१५चं आहे. कॅप्टन राधिका मेनन ‘संपूर्ण स्वराज्य’ या शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजावर होत्या. ओडिशाजवळ बंगालच्या उपसागरात ‘दुर्गम्मा’ नावाची मासेमारी बोट त्यांच्या सेकंड ऑफिसरला दिसली. बोटीचं इंजिन बंद पडलेलं, नांगर गेलेला, खाण्यापिण्याचं वाहून गेलेलं. आत सात मच्छीमार, आणि ते माशांसाठी ठेवलेल्या बर्फावर तगून होते. लाटा पंचवीस फुटांच्या वर, वारा साठ-सत्तर नॉटचा. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यांदा जहाज फिरवून आणलं आणि सातही जण शिडीने वर आले. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मेनन यांना समुद्रावरच्या असामान्य शौर्याचं पारितोषिक दिलं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तेलवाहू जहाज घेऊन अशा वाऱ्यात तीनदा वळणाऱ्या माणसाबद्दल ‘बघून पुढे जातात’ असं लिहिलेलं वाचलं की मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

जुनं उदाहरण हवं असेल तर १९८०चं ‘प्रिन्सेनडॅम’. अलास्काच्या आखातात या प्रवासी जहाजाला आग लागली आणि पाचशेहून अधिक माणसं लाइफबोटींत उतरली, त्यांत बरेच म्हातारे. अ‍ॅमव्हरच्या नोंदीतून ‘विल्यम्सबर्ग’ नावाचं तेलवाहू जहाज तिकडे वळवलं गेलं. हेलिकॉप्टरवाल्यांनी माणसं लाइफबोटींतून उचलून याच टँकरच्या डेकवर उतरवली. एकही माणूस दगावला नाही. भर समुद्रात हेलिकॉप्टरला उतरायला जागा मिळाली ती एका मालवाहू जहाजाने दिली म्हणून.

पळून जाणारी जहाजं नाहीतच, असं मी म्हणणार नाही. जून २०१७ मध्ये कोचीजवळ ‘अंबर एल’ या जहाजाची मासेमारी बोटीला धडक बसली, मच्छीमार मेले आणि जहाज थांबलं नाही. पण मेसेजमध्ये पुढचं येत नाही: ते जहाज अडवलं गेलं आणि कॅप्टनला अटक झाली. धडक देऊन पळणं हा गुन्हा आहे, या धंद्याची रीत नाही. शिवाय लाकडी बोट रडारवर धड उमटत नाही, रात्री दिवा नसेल तर डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून कोकण-कारवारच्या बोटींवर दिवे, रडार परावर्तक आणि ठावठिकाणा सांगणारं यंत्र लागणं हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर बोलणाऱ्यांची संख्या अशा मेसेजांपेक्षा फार कमी आहे.

कॅप्टनची नोकरी जाते, हे तिसरं. जीव वाचवण्यासाठी मार्ग सोडला तर मालवाहतुकीच्या कराराचा भंग होत नाही, हे समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांत स्पष्ट आहे. जास्तीचं इंधन, पगार, बंदराचा खर्च यांची तरतूद जहाजमालकांच्या पी अँड आय विम्यात, म्हणजे जहाजमालकावर येणाऱ्या देण्यांच्या विम्यात, असते. आणि जीवरक्षणासाठी कॅप्टनला योग्य वाटेल तो निर्णय घेण्यापासून मालकाने किंवा जहाज भाड्याने घेणाऱ्याने त्याला अडवू नये, असाही सोलासचा नियम आहे. वाचलेल्या माणसाकडून मात्र एक पैसाही मागता येत नाही. संकटातली जहाजं आणि माल वाचवण्याच्या मोबदल्याबद्दलच्या १९८९च्या साल्व्हेज करारात ते लिहून ठेवलं आहे.

इथे मेसेजवाल्याला एक खरी गोष्ट सापडली असती, पण त्याने ती शोधली नाही. बरेचदा त्रास वाचवताना होत नाही, वाचवल्यानंतर होतो. २००१ साली ऑस्ट्रेलियाच्या बचाव यंत्रणेच्या सांगण्यावरून नॉर्वेच्या ‘टँपा’ने बुडत्या बोटीतून ४३८ माणसं घेतली. मग ऑस्ट्रेलियानेच बंदरात येऊ दिलं नाही. २०२० साली ‘मर्स्क एटिएन’ने माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांना उचललं, आणि महिन्याहून जास्त काळ ती माणसं त्याच टँकरच्या डेकवर राहिली, कारण उतरवून घ्यायला कुठलाच देश पुढे येईना. यात जहाजाने हात आखडता घेतला नाही, सरकारांनी घेतला. टँपाच्या कॅप्टनला, खलाशांना आणि कंपनीला पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं नानसेन पारितोषिक मिळालं. नोकरी जाते म्हणणाऱ्याने हे बघावं.

गरीब मच्छीमाराला कोण विचारतो, याचं अर्धं उत्तर दुर्गम्मात आलंच. उरलेलं जुलै २०१९चं घ्या. बंगालमधला एक भारतीय मच्छीमार बोट उलटल्यावर कित्येक दिवस समुद्रात तरंगत राहिला. त्याला उचललं बांगलादेशच्या ‘जवाद’ या मालवाहू जहाजाने. वाहत जाणारा माणूस एकदा दृष्टीआड झाला तरी ते शोधत राहिले आणि शेवटी क्रेनने वर घेतला. दोन देशांची सीमा मध्ये होती आणि तो गरीब होता, तरी जहाज वळलं.

आपल्या मराठी माणसांनी तर याची दुसरी बाजू भोगली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता, आणि जी वाचली त्यांतली बरीच कोळ्यांच्या होड्यांनी वाचवली. जहाज जवळ असणं पुरत नाही, त्याला कळावं लागतं. आज बोटीवरच्या आपत्कालीन बीकनचं बटण दाबलं की उपग्रहामार्फत हाक बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येते, तिथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) बचाव केंद्राला जाते, आणि तिथला अधिकारी जवळच्या मालवाहू जहाजाला हाक देतो. किनाऱ्यापासून दोन-चारशे मैलांवर तटरक्षक दलाची बोट पोचायला वेळ लागतो. तिथे आधी पोचतं ते कोळसा, तेल नाहीतर कंटेनर घेऊन चाललेलं कुणीतरी. मेसेज पाठवणाऱ्याला याची कल्पना असती तर त्याने मच्छीमाराला कोण विचारतो, हे वाक्य लिहिलं नसतं असं मला वाटतं.

हेरगिरीचं दोन ओळींत संपतं. अ‍ॅमव्हरला दिलेली माहिती गोपनीय ठेवली जाते आणि जीव वाचवण्याच्याच कामी दिली जाते. तशी हमी नसती तर एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी आपापल्या जहाजांच्या जागा साठ-पासष्ट वर्षं तिथे कळवल्याच नसत्या.

पोराला शिपिंगला पाठवायचं की नाही, हा तुमच्या घरचा निर्णय. काम कष्टाचं आहे, महिनोन्महिने घरापासून लांब राहावं लागतं, आणि लग्नकार्य, गणपती, आजारपण सगळं फोनवरच होतं. ते सगळं विचारा, मी खरं तेच सांगीन. भीती बाळगायचीच असेल तर गावोगाव फिरणाऱ्या एजंटांची बाळगा. जहाजावर लावतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं परवानाधारक एजंटालाही मना आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची आणि परवाना असलेल्या एजंटांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. एखादा माणूस लाखभर रुपये रोख मागतो आणि पावती देत नाही, तर त्याचं नाव आधी त्या यादीत शोधा.