खोकल्याची वाट बघू नका : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

‘तान्ही बाळं झोपेत थांबत थांबतच श्वास घेतात. आम्ही चार वाढवली. खोकला नाही, ताप नाही, तरी दवाखाना गाठा म्हणून नव्या आयांना घाबरवू नका,’ असं तुम्ही, सर्दी झालेल्या तान्ह्याचा श्वास थांबला तर खोकल्याची वाट न बघता दवाखाना गाठा या माझ्या लेखावर लिहिलंय. यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे आणि ते माझ्या लेखात यायलाच हवं होतं. नवजात बाळ भराभर श्वास घेतं, ५-१० सेकंद थांबतं, परत आपलं आपण सुरू होतं. रंग बदलत नाही, अंग सैल पडत नाही. त्यासाठी कुणी धावू नये.

खोकल्याची वाट बघायची, हे मात्र मला पटत नाही. आमचं धाकटं ३५ आठवड्यांचं जन्मलं. ते दीड महिन्याचं असताना थोरल्यानं बालवाडीतून सर्दी आणली. बाळाचं नुसतं नाक चोंदलं आणि दूध ओढणं कमी झालं, बाकी काही नाही. श्रावणातली रात्र, राजारामपुरीत पाऊस धो धो, आणि माझ्या मांडीवर निजलेल्या बाळाची छाती हलायची थांबली. ओठ निळसर पडले. तळपाय जोरात चोळल्यावर श्वास आला. तपासणीत आरएसव्ही निघाला, म्हणजे मोठ्यांना साधी सर्दी देणारा पण तान्ह्यांच्या फुप्फुसात उतरू शकणारा विषाणू. खोकला सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात!

अपुऱ्या दिवसांच्या आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांत मेंदूचा श्वासावरचा ताबा अजून कच्चा असतो. त्यामुळे आरएसव्हीत श्वास थांबणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. डांग्या खोकल्याचंही तसंच. इतक्या लहान बाळाला ती ओळखीची ढास येतेच असं नाही, आणि त्याची पहिली लस मिळते ६ आठवड्यांनी.

म्हणून सर्दी झालेल्या तान्ह्याचा श्वास २० सेकंद थांबला, किंवा कमी वेळ थांबला पण ओठ निळे पडले, अंग लुळं पडलं, तर १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आत श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध घेत नाही, तरी रात्र काढू नका.

ओव्याच्या धुरीबद्दल तुम्ही लिहिलंत. माझ्या सासूबाईंचाही त्यावर फार जीव. पण चोंदलेल्या नाकाच्या बाळाला धूर सोसत नाही. शेगडीसुद्धा बंद खोलीत नको.

तुमची सून माहेरी बाळंत झालीय म्हणालात. बाळ झोपलं की पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजायची, एवढं विहीणबाईंना आजच फोनवर सांगा.