‘मैदानाला पेव्हर घाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईला समुद्राचा वारा आहे, सावलीची काळजी नागपूरकरांनी करावी. पूर हा पंपांचा विषय आहे, बागांचा नाही. मैदानांत चिखल आणि धूळ होते, तेव्हा सरसकट पेव्हर ब्लॉक घाला. जुनी झाडं अंगावर पडतात, ती काढा. शिवाय बागेत डास होतात. शेवटी हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून हे उत्तर.

आधी वाऱ्याचं बघू. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईचा पारा अचानक चढतो तेव्हा हवामान खात्याचं स्पष्टीकरण बहुतेक वेळा एकच असतं: पूर्वेकडून जमिनीवरचे वारे आले आणि समुद्रावरचे वारे उशिरा सुरू झाले. म्हणजे ज्या वाऱ्याच्या भरवशावर सावली नको म्हणायचं, तो नेमका गरजेच्या दिवशीच उशीर करतो. आणि आला तरी कुलाब्याला जो मिळतो तो गोवंडीला मिळत नाही, मध्ये इमारतींच्या रांगा आहेत. आपला उकाडा दमट आहे. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होण्याचा मुख्य मार्गच मंदावतो. अशा वेळी डोक्यावरचं ऊन अडवणं आणि पायाखालून येणारी धग कमी करणं एवढंच हातात उरतं. झाड दोन्ही करतं. पेव्हर दिवसभर तापतो आणि संध्याकाळी तीच उष्णता परत देतो. हल्ली जागोजागी होणारं प्लॅस्टिकचं हिरवं टर्फ तर उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. दिसायला गवत, एवढंच. आणि सावली नागपूरकरांनाही लागते, मुंबईकरांनाही. दुपारी बारा-एकला डिलिव्हरीवाला किंवा दुसऱ्या कामाला निघालेली बाई कुठे टेकणार? बागेच्या फाटकाला नेमकं तेव्हाच कुलूप असलं तर सावली असून उपयोग नाही. ते कुलूप काढायला टेंडरही लागत नाही.

पुराचा मुद्दा मात्र नीट बोलण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धं खरं आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. असल्या दिवशी कुठलीही बाग शहर वाचवत नाही. पण आपली तुंबातुंबी दरवर्षी होते ती तासा-दोन तासांच्या जोरदार सरींनी, तेही भरतीशी गाठ पडली की. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एकरभर जागेवर तासात 50 मिलिमीटर पडला तर दोन लाख लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. पेव्हरवरून यातलं बहुतेक पाणी लगेच गटाराकडे धावतं. गवताळ मातीतून कमी जातं आणि उशिरा जातं. इंग्रजांच्या काळातल्या गटारांचा हिशेब तासाला 25 मिलिमीटरचा होता. तो 50 पर्यंत नेण्याचं काम इतकी वर्षं चाललंय. अशा व्यवस्थेत पाणी अर्धा तास उशिरा पोचणं हीच मोठी मदत.

‘जुलैत माती आधीच भिजलेली असते, ती काय पिणार?’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून तर मैदान रस्त्यापेक्षा खाली असावं. अर्धा फूट खोलगट ठेवलेल्या एका एकरात सहा लाख लिटर पाणी तात्पुरतं थांबू शकतं. आपण उलट करतो: भराव टाकून बाग उंच करतो, भोवती कठडा बांधतो आणि तिचं पाणी रस्त्यावर सोडतो.

राहिले पंप. पंपानं उचललेलं पाणी भरतीच्या वेळी टाकायचं कुठे? हमखास तुंबणाऱ्या हिंदमाता या सखल भागात पालिकेपुढे हाच प्रश्न होता. उत्तर म्हणून भूमिगत टाक्या बांधल्या त्या दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात. मोकळ्या जागा शिल्लक नसत्या तर त्या पंपांचंही अडलं असतं.

पेव्हरमुळे चिखल होत नाही, हे लिहिणारा माणूस जुलैत फुटपाथवरून चालत नसावा. सैल झालेल्या ब्लॉकच्या एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसऱ्या कोपऱ्यातून काळ्या पाण्याची पिचकारी थेट पँटवर. वर केबलवाला, गॅसवाला, गटारवाला असे सगळे आळीपाळीनं ते ब्लॉक उचकटतात आणि जमतील तसे परत बसवतात. एकदा खर्च केला की सुटलो, असं त्यात काही नाही.

झाडं पडतात, माणसं दगावतात, हे खरंच आहे. पण पडलेल्या झाडाचं बूड कधी वाकून बघा. खोडाला चिकटून सिमेंट, एका बाजूची मुळं चर खणताना सपासप तोडलेली, फांद्या फक्त इमारतीच्या बाजूच्या छाटलेल्या. असं झाड वादळात उभं राहिलं तरच नवल. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, तो रस्त्याकडेला नको हे मान्य. म्हणून करंज, बकुळ, ताम्हण का नको? किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्यात तगणारी उंडी आहे. लावताना खोडाभोवती मीटरभर माती उघडी ठेवा, बस्स.

डासांचं एका वाक्यात: डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा दिवसभरात ओसरणाऱ्या मैदानातल्या पाण्यापेक्षा गच्चीवरचं पिंप आणि कुंडीखालची ताटली आधी रिकामी करा.

धुळीची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. शिवाजी पार्कच्या आसपास राहणारे लाल मातीनं खरोखर बेजार आहेत. पण माती उडते ती वर गवत नसल्यामुळे. मैदानाचे भाग पाळीपाळीनं बंद ठेवून गवत रुजू द्यायचं आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं ते उन्हाळ्यात जगवायचं, हे जमू शकतं. फक्त त्यासाठी माळी लागतो, बारा महिने. पेव्हरला ठेकेदार एकदाच लागतो आणि फीत कापायला कार्यक्रमही मिळतो. माळ्याच्या पगाराचं उद्घाटन कोण करणार?