‘ड्रंकन मास्टर’ची शेवटची मारामारी नीट बघा

१९७८ चा ‘ड्रंकन मास्टर’ पुन्हा एकदा बघून काढला. हाँगकाँगचा सिनेमा, दिग्दर्शक युएन वू-पिंग, हीरो जॅकी चॅन. आपल्याकडे बरेच जण ‘तो दारू पिऊन मारामारी करतो तो पिक्चर’ म्हणतात आणि विषय सोडून देतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. मारामारीतून गोष्ट कशी पुढे न्यायची, हे इतकं स्वच्छ दाखवणारा सिनेमा मी तरी दुसरा बघितलेला नाही.

यातला वाँग फेई-हंग हा खरा होऊन गेलेला माणूस. दक्षिण चीनमधला कुंग फू गुरू आणि वैद्य. क्वान तक-हिंग या नटाने सत्तरहून जास्त सिनेमांत त्याला उभा केला, कायम धीरगंभीर आणि सज्जन. इथे तोच वाँग उनाड, उद्धट पोरगा आहे. सुरुवातीलाच एका मुलीच्या मागे लागतो. आज तो प्रसंग बघवत नाही, पण तिची आई येऊन त्याला असा काही चोपते की मन शांत होतं. (नंतर कळतं की ती नात्यातलीच!) बाप वैतागून त्याला सू नावाच्या म्हाताऱ्या बेवड्या गुरूच्या हवाली करतो. सूचं काम केलंय युएन सिउ-तिएन यांनी, दिग्दर्शकाच्या सख्ख्या वडिलांनी. अवघड उड्यांना डबल वापरलेत, पण ती मिस्कील नजर आणि तो तोरा त्यांचाच.

तालमीचे प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. पोरगा पायांवर उलटा टांगलेला, खाली पाण्याने भरलेली बादली, वर रिकामी. हातात इवलेसे प्याले. खालून पाणी घ्यायचं, पोटाच्या जोरावर वर उठायचं, ओतायचं, परत खाली. कॅमेरा लांब उभा, अख्खं शरीर फ्रेममध्ये. लपवायला जागाच नाही. जॅकी लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय आणि कसरती असलेल्या पारंपरिक चिनी नाटकाच्या) कडक शाळेत घडलाय, ते इथे दिसतं.

आता शेवट. समोर खलनायक झालेला ह्वांग जँग-ली, कोरियन, तायक्वांदोवाला. काय पाय चालतात त्या माणसाचे! सूने आठ झिंगलेल्या देवांच्या आठ शैली शिकवलेल्या असतात. त्यांतली आठवी, मिस हो या देवीची, बायकी म्हणून पोराने शिकायचीच टाळलेली. पायांची लढाई तो निभावून नेतो. मग खलनायक पाय सोडून हातांवर येतो आणि पोरगा मार खायला लागतो. गुरू ओरडतो, मिस हो वापर! येतच नाही, तर वापरणार काय? मग तो तिथल्या तिथे स्वतःची मिस हो रचतो. कंबर लचकवत, लाजत मुरडत, आणि मधेच सणसणीत ठोसा. आपण हसतो, पण त्याच क्षणी त्याचा आळस, त्याचा माज आणि त्याची हुशारी, सगळं एकदम दिसतं. त्यासाठी एकही संवाद वेगळा लिहावा लागलेला नाही.

आणि लय बघा. चार-पाच फटके, मग क्षणभर सगळं थांबतं, पुन्हा फटके. तबलजी समेवर येतो तशी ती थांबण्याची जागा अचूक असते. त्यामुळे कोणी कोणाला कुठे मारलं हे कायम कळतं. हल्ली बऱ्याच सिनेमांत हात उचलला की कट, लागला की कट, आणि वर कॅमेरा हलवतात. नटाला येत नाही हे झाकायला ते सोयीचं असेल, पण बघणाऱ्याच्या हाती काय लागतं? याच युएन वू-पिंगना पुढे ‘द मॅट्रिक्स’च्या मारामाऱ्या बसवायला बोलावलं आणि त्या नटांना आधी काही महिने तालीम करावी लागली, ती उगाच नाही.

१९९४ चा दुसरा भाग सरस आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कारखान्यातली ती शेवटची लढत, पेटत्या निखाऱ्यांवरून जाणारा जॅकी, हे थरारक आहेच, वाद नाही. पण तिथे मी त्याच्या अंगाला काय होईल याच्या काळजीत असतो. पहिल्या भागात मला त्या पोराला पुढची चाल कशी सुचणार याची उत्सुकता असते, आणि माझं मत त्यालाच.